साठीनंतर मजेची गाडी घेताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'ज्येष्ठांचे अनुभव' या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझ्या आधीच्या दोन वक्त्यांनी मधुमेह आणि मृत्युपत्र असे भारदस्त विषय घेतले. मला मात्र सचिवांनी सांगितलं, "काका, तुम्ही त्या लाल गाडीवर बोला. सगळे विचारतातच." विचारतात हे खरं. बायका आमच्या सौ.ला विचारतात, "वहिनी, भाऊजींना या वयात हे काय सुचलं?" कॉलेजातली पोरं विचारतात, "काका, शून्य ते शंभर किती सेकंदांत?" आणि माझ्या वयाचे लोक पार्किंगमध्ये इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून विचारतात, "कितीला पडली हो?" आजचं बोलणं मुख्यतः या तिसऱ्या मंडळींसाठी आहे, कारण त्यांच्या मनात काहीतरी शिजतंय.

सन २००० मध्ये आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये दोन मारुती ८००, एक प्रीमियर पद्मिनी आणि बाकी सगळ्या बजाजच्या स्कूटर होत्या. तेव्हा माझं वय ३८. पुढच्या वीस वर्षांत मी तीन गाड्या वापरल्या आणि तिन्ही घेताना प्रश्न एकच होता, किती माणसं बसतात आणि मागे किती सामान मावतं. आईला डायलिसिसला न्यायचं, मुलांना परीक्षेच्या सेंटरवर सोडायचं, गावाहून आंब्याच्या पेट्या आणायच्या, चतुर्थीला गणपती आणायचा. गाडी म्हणजे घरातलं एक कामाचं माणूस. मी २०२० साली निवृत्त झालो. मुलगी पुण्यात, मुलगा परदेशात, आई गेली. त्यानंतर कधीतरी सौ.च्या लक्षात आलं की आपल्या गाडीच्या मागच्या सीटवरचं प्लास्टिकचं कव्हर अजून नव्यासारखं आहे. बसतं कोण तिथे? पिशव्या.

मग मी विचार करायला लागलो, की आता एक गाडी अशी घ्यावी जी कुणाच्या कामाची नसेल. नुसती चालवायला.

खरी स्पोर्ट्स कार मी जवळून पाहिली ती गोव्यात. कोणाला आठवत असेल तर सांगा, सॅन स्टॉर्म नावाची गाडी होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली. दोन दारं, दोन सीट, वरचं छप्पर उघडणारं, अंग फायबरग्लासचं, आणि इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं, ताकद साठेक हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबाने काहीच नाही, आपल्या वॅगन-आरमध्ये त्याहून जास्त असते. पण ती आपल्या शेजारी, गोव्यात तयार होत होती. लोक हसले तिला. कोणी म्हणालं खेळणं, कोणी म्हणालं नट-नट्यांची गाडी. फार खपली नाही ती. मला मात्र आजही वाटतं की कोकणाला शोभणारी गाडी तीच होती. फायबरग्लास गंजत नाही, आणि मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या माणसाला गंजाचं मोल सांगायला नको.

जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ नावाची गाडी १९८९ मध्ये आली. तीही अशीच दोन सीटची, छप्पर उघडणारी, वजन हजार किलोच्या आसपास. इंजिन साधंच. पण २०१६ मध्ये तिचा दहा लाखांचा आकडा पार झाला. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये जगात एवढी कुठलीच खपलेली नाही. तिच्या मागचा विचार जपानी लोक 'जिन्बा इत्ताई' या शब्दांत सांगतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. गाडीने किती वेग घेतला हे महत्त्वाचं नाही, तुम्ही हात वळवला की ती तुमच्याबरोबर वळली पाहिजे. दुर्दैवाने ती गाडी आपल्याकडे विकायला कधी आलीच नाही.

आयात करून आणायची म्हटली तर काय होतं, ते आपण सचिनच्या वेळी पाहिलं. २००२ साली त्याला फेरारी भेट मिळाली आणि इथे आणताना आयात शुल्क माफ करावं की नाही यावरून देशभर चर्चा. शेवटी ते शुल्क कंपनीने भरलं. सचिनची ही कथा, तर निवृत्त माणसाची काय! आता २०२५ मध्ये एमजीची सायबरस्टर नावाची विजेवर चालणारी दोन सीटची गाडी आली आहे, दारं वर उघडतात. किंमत पाऊण कोटीच्या घरात. दारं वर उघडायला आपल्या स्टिल्ट पार्किंगची उंची पुरेल का, हा वेगळा प्रश्न.

म्हणून पहिली गोष्ट अशी ठरवली, की मजा म्हणजे वेग नव्हे. रत्नागिरीत वेगाला जागाच कुठे आहे? महामार्गाचं काम किती वर्षं चाललंय ते आपण सगळे जाणतो. पण वळणं मोजा. इथून गणपतीपुळ्याला आरे-वारे मार्गे जायचं तर पंचवीसेक किलोमीटर, आणि त्यात सरळ रस्ता शोधावा लागतो. डावीकडे समुद्र, मग चढ, मग एकदम खाली उतरून पूल, परत चढ. भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगडकडे गेलात तरी तेच. पाली, साखरपा करून आंबा घाट चढलात तर विचारूच नका. या रस्त्यांवर चाळीस-पन्नासच्या वेगातसुद्धा चांगली गाडी आणि वाईट गाडी यांतला फरक कळतो. वळणावर अंग एका बाजूला झुकतं का, ब्रेक दाबल्यावर नाक खाली आपटतं का, स्टिअरिंग हातात जड आणि नेमकं लागतं की हवेत फिरवल्यासारखं. ही मजा मारुती मंदिरापासून दहा मिनिटांवर फुकट मिळते. दोनशेच्या वेगाची गाडी घेऊन इथे करायचं काय?

आता वयाचा हिशेब. हा जरा टोचेल.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर नियम असा आहे की पंचावन्नच्या पुढे परवाना एका वेळी पाचच वर्षांचा मिळतो. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला, फॉर्म १-अ लागतो. माझा परवाना साठाव्या वर्षी नवा झाला, तो २०२७ पर्यंत. मग पासष्टाव्या वर्षी झाला तर २०३२ पर्यंत. तिकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मी घेतलेली गाडी २०१७ ची आहे, म्हणजे तिचीही नोंदणी २०३२ पर्यंत. दोघांना एकाच साली आरटीओत उभं राहायचं आहे. तिला पुढे पाच वर्षं मिळतील तपासणी होऊन, मला मिळतील का ते डोळ्यांचे डॉक्टर सांगतील. हे गणित कागदावर मांडलं तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य माझ्या तोंडून बंद झालं. हातात सात वर्षं आहेत. त्यातले पावसाळ्याचे चार-चार महिने वजा करा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. राहिले किती, ते तुम्हीच मोजा.

शरीराचं म्हणाल तर गाडी निवडताना आधी गुडघ्याला विचारा. खरी स्पोर्ट्स कार जमिनीला लागून असते. आत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं आणि बाहेर येणं म्हणजे कोणीतरी हात द्यायला हवा. उलट पोरं म्हणाली, "काका, थार घ्या." नाशिकला तयार होते, देखणी आहे, छप्पर उघडणारीही तेव्हा मिळायची, जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, आपले खड्डे तिला जाणवणारही नाहीत. मी सौ.ला घेऊन बघायला गेलो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन २०२३ ला झालंय. तिने एक पाय फूटबोर्डवर ठेवला, वर बघितलं आणि म्हणाली, "अहो, शिडी आणा." विषय संपला. आपल्या वयाला सोयीची उंची एकच. उभं राहिल्यावर सीट कंबरेच्या जरा खाली यावी, म्हणजे आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे. शोरूममध्ये एकदा नाही, दहा वेळा आत-बाहेर करा. सेल्समन कंटाळला तरी चालेल. सहाव्या वेळेला गुडघा खरं बोलायला लागतो.

दुसरं म्हणजे डोळे. वयाबरोबर बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि समोरून प्रखर दिवा आला की नजर सावरायला वेळ लागतो. समोरच्या गाडीचे ते पांढरे एलईडी दिवे डोळ्यांवर आले की दोन-तीन सेकंद रस्ता दिसतच नाही. पन्नासच्या वेगात गाडी एका सेकंदात चौदा मीटर जाते. म्हणून आमच्या घरात नियम, दिवेलागणीच्या आत गाडी पार्किंगमध्ये. मानही पूर्वीसारखी वळत नाही, त्यामुळे मागचा कॅमेरा ही चैन समजू नका.

आता खरा मुद्दा, आणि हा आमच्या सौ.चा आहे. मी दोन सीटच्या जुन्या गाड्यांचे फोटो तिला दाखवत होतो. तिने शांतपणे विचारलं, "आंबा घाटात तुमच्या छातीत दुखायला लागलं तर ही गाडी मला चालवता येईल का?" मी काय बोलणार? ती बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली, इथेच, मागच्या मैदानात, तुमच्यापैकी कित्येकांनी तिला हसून पाहिलंय. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं तिला जमत नाही. तेव्हा अट ठरली, ऑटोमॅटिक हवी आणि दोघांनाही चालवता आली पाहिजे. मला स्वतःला हाताने गिअर बदलण्यातच खरी मजा वाटते, आजही वाटते. पण म्हातारपणी नवरा-बायकोने घ्यायची गाडी एकट्याची नसते. एका चाकाशी दोन माणसं आहेत, त्यातलं कुठलं आधी थकेल ते कोणाला माहीत?

या अटीमुळे बरेच पर्याय आपोआप गळले. रांजणगावला तयार झालेली, २०१५ मध्ये आलेली फियाटची अबार्थ पुंटो, १४५ हॉर्सपॉवर, मला फार आवडायची. ती फक्त हाताच्या गिअरची. टाटांनी २०२४ मध्ये आणलेली अल्ट्रोझ रेसर, १२० हॉर्सपॉवर, गाडी छान, पुन्हा तेच, हाताचा गिअर. तरुण जोडप्यांनी ती जरूर बघावी. ह्युंदाईची आय-२० एन लाइन ऑटोमॅटिक मिळते, ती आम्ही चालवून पाहिली, दोघांना आवडली, पण नव्या गाडीची किंमत आमच्या ठरलेल्या आकड्याच्या पलीकडे होती. शेवटी घेतली ती चाकणला तयार झालेली पोलो जीटी, टर्बो पेट्रोल, १०५ हॉर्सपॉवर, सात गिअरची ऑटोमॅटिक. आता ही 'स्पोर्ट्स कार' आहे का? जाणकार नाक मुरडतील. चार दारं आहेत, डिकी आहे, दिसायला शेजाऱ्याच्या गाडीसारखीच. पण वजन अकराशे किलोच्या आसपास, आणि आरे-वारेच्या चढावर दाबलं की पाठीला हात लावून ढकलल्यासारखी जाते. पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दहाएक सेकंद. मी अजून मोजलेले नाहीत.

पैशाचं स्पष्ट बोलतो. सहा लाखांच्या आत बसली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज आहे. म्हणजे सहा लाख तिथे ठेवले असते तर वर्षाला ४९,२०० रुपये आले असते, महिन्याला चार हजार शंभर. गाडीची खरी किंमत मी अशी मोजतो, महिना चार हजार शंभर, त्यावर विमा, पेट्रोल, सर्व्हिस. आजारपणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही आणि कर्ज काढायचं नाही, या दोन गोष्टी आधी पक्क्या केल्या. ज्याला हे दोन्ही जमत नसेल त्याने आहे त्याच गाडीचे टायर आणि शॉकअब्सॉर्बर बदलावेत. थट्टा नाही, निम्मी मजा तिथेच असते.

जुनी गाडी बघताना लोक किलोमीटरचा आकडा बघतात. तो बदलता येतो. टायर बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असतील तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एका गृहस्थांनी मला 'वीस हजारच चाललेली, घरात उभी' म्हणून गाडी दाखवली, चारही टायर एकाच वर्षापूर्वीचे. वीस हजारात टायर संपतात होय? मी चहा पिऊन उठलो. पावसाळी भागातली गाडी असेल तर सीटखालचा गालिचा उचलून खालचा पत्रा हाताने चाचपा. दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांत, मग कंपनी कुठलीही असो, मोठी दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते; म्हणून सगळी सर्व्हिसची बिलं बघितल्याशिवाय आणि चढावर थांबून-निघून, थांबून-निघून अर्धा तास चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. आणि सर्व्हिस कुठे होणार ते आधी विचारा. कोल्हापूर म्हणाले तर १३० किलोमीटर. आम्हाला त्याची तक्रार नाही, वाटेत आंबा घाट आहे.

इथे आल्यावर पहिलं काम केलं ते खालून गंजरोधक लेप. समुद्राकाठी फिरून आलं की गोड्या पाण्याने खालची बाजू धुवायची, अलॉय चाकंसुद्धा. माझी पार्किंगची जागा नारळाखालची होती, ती मी वैद्यकाकांशी बदलून घेतली. त्यांच्याकडे स्कूटर आहे आणि हेल्मेटही. त्यांचे आभार.

आता आम्ही करतो काय? शनिवारी सकाळी सहाला निघतो. रस्त्यावर तेव्हा दूधवाले आणि एसटी एवढेच. जाताना मी चालवतो, येताना सौ. वळणावर ती माझ्यापेक्षा नेमकी आहे, हे मी मुलीलाही सांगितलंय. मी ब्रेक उशिरा दाबतो, ती आधी दाबून मग वळणातून गाडीला सोडते. पुस्तकात तेच बरोबर लिहिलेलं असतं. पुळ्याला देवदर्शन, मालगुंडला चहा, साडेनऊला घरी. कधी पावसला जातो, कधी नुसतं भाट्यापर्यंत. मुलाने फोनवर विचारलं होतं, "बाबा, यापेक्षा एखादी सहल नसती का केलीत?" सहल आठ दिवसांची असते रे. आम्हाला शनिवार हवे होते.

आणि मागची सीट रिकामीच राहते असंही नाही. आपल्या बी विंगमधल्या आजी, ज्यांना मुलगा मुंबईहून आला तरच बाहेर पडायला मिळतं, त्या दोनदा आल्या. आरे-वारेच्या उतारावर त्यांनी पुढच्या सीटला घट्ट धरलं होतं. पुलावर आल्यावर म्हणाल्या, "परत वर जाऊया का रे?"

शेवटी एक विनंती, भाषणात घुसडतो, अध्यक्षांनी रागावू नये. गेटजवळचा आपला गतिरोधक उंच आणि अरुंद आहे. रस्त्यांसाठीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर सांगितलेला आहे. आपला विटेसारखा उभा आहे. माझ्या गाडीचं पोट घासतं ते सोडा, पण रिक्षातून ऑपरेशन होऊन घरी येणाऱ्या माणसाची कंबर त्यावर आपटते, आमच्या सौ.चीही आपटली होती. तेवढी जागा आपल्या गेटशी नसेल तर निदान उतार तरी दोन्ही बाजूंनी लांब करून घ्या. सिमेंटची दोन पोती मी देतो. पुढच्या सभेत विषय घ्यावा, पावसाच्या आधी.